राखलेले रान

कोकणातील शेतकरी कुटुंबाची जमीन हा एक सलग तुकडा नसतो. घराला लागून असलेले परडे, म्हणजे भाजीपाला, केळी, शेवगा, लिंबू आणि दोन-चार फणस-रतांबे यांची जागा. त्याखाली पाण्याच्या सोयीने केलेले माड-पोफळींचे आगर. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची भातखाचरे. घरामागे चढत जाणारी वरकस, म्हणजे जिथे पूर्वी नाचणी-वरी पिकत असे आणि आता गवत किंवा झुडपे माजली आहेत अशी उताराची जमीन. त्यापलीकडे ऐन-किंजळाचे मालकी रान आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, अशा पाच-सहा निरनिराळ्या प्रकृतींच्या जागा एकाच घराच्या नावावर असतात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनाचे क्षेत्र अगदी थोडे असून डोळ्यांना दिसणारे बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे आणि सिंधुदुर्गातही मालकी रानांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे या पट्ट्यात धनेश, शेकरू, भेकर किंवा खवले मांजर टिकणार की नाही, हे अभयारण्याच्या नकाशावर जितके ठरते त्यापेक्षा कितीतरी अधिक घराघरांतल्या साध्या निर्णयांवर ठरते: यंदा गवत जाळायचे की नाही, वठलेले झाड काढायचे की ठेवायचे, रान ठेकेदाराला द्यायचे की आणखी काही वर्षे थांबायचे.

संगमेश्वर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीच्या अशाच काही तुकड्यांवर प्रस्तुत लेखकाने सुमारे बारा वर्षे जे काम केले, त्यातून हाती आलेले निष्कर्ष येथे मांडले आहेत. या कामाचा गाभा एका क्रियापदात सांगता येतो आणि ते क्रियापद ‘लावणे’ नसून ‘राखणे’ हे आहे. कोकणी बोलीत गवत राखतात, रान राखतात, आणि जागेचा जो अदृश्य रक्षक मानला जातो त्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण, म्हणजे नारळ-कोंबड्याचा मान, देतात. या सर्व प्रयोगांत हात आवरून धरणे आणि पहारा देणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्याच गावांत आज चांगल्या मालकाची ओळख म्हणून ‘जागा अगदी साफ ठेवली आहे’ असे म्हटले जाते, आणि साफ या शब्दात झुडपे तोडलेली, पाचोळा जाळलेला, वाकडी-पोकळ झाडे काढून टाकलेली जमीन अभिप्रेत असते. वन्यजीवांच्या दृष्टीने पाहता या दोन शब्दांमधले अंतर हेच जिवंत आणि निर्जीव जमिनीमधले अंतर आहे.

कामाची सुरुवात मात्र सर्वत्र होते तशी रोपे लावण्यापासूनच झाली होती. वरकसाच्या उतारावर पहिल्या दोन पावसाळ्यांत रोपवाटिकेतून आणलेली रोपे रांगेत लावण्यात आली, त्यासाठी उतार खणून खड्डे घेतले गेले आणि खड्ड्यांच्या आड येणारी खुरटी झुडपे कापून टाकली गेली. जांभ्याच्या जमिनीचा स्वभाव असा की चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही ती पाणी धरून ठेवत नाही; दिवाळीनंतर ती झपाट्याने सुकते आणि मार्चमध्ये कोवळ्या मुळांच्या आवाक्यात ओलावा राहत नाही. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेल्या रोपांपैकी फारच थोडी उरली. त्याच वेळी, ज्या भागात काहीच केले नव्हते तेथे कुणी न लावलेली झाडे डोके वर काढू लागली होती, आणि नीट पाहिले असता खड्ड्यांसाठी कापलेली ‘खुरटी झुडपे’ ही वास्तविक ऐन, किंजळ, कुंभा आणि जांभूळ यांचे जुन्या खुंटांवरील फुटवे होती, हे लक्षात आले. ज्या झाडांची उणीव भरून काढण्यासाठी खड्डे खणले होते, तीच झाडे खड्ड्यांसाठी कापली गेली होती.

याचे कारण कोकणातील शेतीपद्धतीत आहे. भाताची रोपे तयार करण्याच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, शेण, पालापाचोळा, झाडांचा टहाळा आणि माती यांचे थर देऊन ते भाजण्याची रीत आहे. तिला भाजावळ म्हणतात आणि तिच्यासाठी ऐन-किंजळाच्या पानेरी फांद्या दरवर्षी छाटतात, त्या छाटणीला कवळतोड म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या छाटलेली ही झाडे उंचीने माणसाएवढी असली तरी मुळांच्या वयाने कित्येक दशकांची असतात आणि त्यांची मुळे जांभ्याच्या भेगांतून खोल गेलेली असतात. कवळतोड आणि आग या दोन गोष्टी थांबल्या की असा खुंट ज्या वेगाने वाढतो, त्या वेगाची बरोबरी कोणतेही रोप करू शकत नाही. एका खुंटाला आठ-दहा फुटवे आले असतील तर त्यांपैकी सरळ आणि जोमदार असे दोन-तीन ठेवून बाकीचे काढणे, एवढेच काम माणसाच्या वाट्याला येते. काढलेल्या काठ्यांतून घरच्या सरपणाची गरजही बऱ्याच अंशी भागते. जमिनीखाली जिवंत मुळांचे रान शिल्लक असताना तिच्यावर यंत्राने खणून दाट लागवड करणे, जसे आज हौसेने आणि मोठा खर्च करून अनेक ठिकाणी केले जाते, हे कोकणच्या वरकसावर तरी अनावश्यक आणि पुष्कळदा अपायकारक आहे, असे स्पष्ट मत या अनुभवावरून नोंदवावेसे वाटते.

फुटव्यांनी सावली धरली की पुढचे काम पक्षी आणि प्राणी करतात. पहिल्या काही वर्षांत धायटी, कुडा, रामेठा आणि करवंदीच्या जाळ्या पसरतात. मग त्यांच्या आडोशाला चांदाडा वर येतो. आणि उभ्या झाडाखाली, जेथे बुलबुल व कुटुर्गे बसून विष्ठा टाकतात तेथे, जांभूळ, उंबर, भोकर, आटक यांची रोपे आपोआप उगवतात. उदमांजर, ज्याला गावात कांडेचोर म्हणतात, भेरली माडाची फळे खाऊन त्यांच्या बिया सड्याच्या कडेच्या खडकांवर टाकून जाते आणि तेथून त्या माडांची पिलावळ उभी राहते. करवंदीची काटेरी जाळी ही या सर्व प्रक्रियेतली दाई आहे, कारण तिच्या आत गुरांचे तोंड पोचत नाही; तिला झुडूप समजून तोडणाऱ्याने तिच्या पोटात वाढणारे झाडही तोडलेले असते.

लागवड अजिबात करूच नये, असा याचा अर्थ नाही. वड, उंबर, पायर, नांद्रुक ही उंबरवर्गातील झाडे मुद्दाम लावण्याजोगी आहेत, कारण त्यांचे फळणे इतर झाडांप्रमाणे एका हंगामात बांधलेले नसते. या वर्गातील प्रत्येक जातीचे परागण तिच्या ठरलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिलटासारख्या कीटकाकडून होते आणि तो कीटक फळाच्या आतच जन्मून थोडाच काळ जगतो. म्हणून परिसरात कोणते ना कोणते झाड सतत फळत असावे लागते, आणि त्याचा लाभ असा होतो की रानात दुसरे काही पिकलेले नसताना हरियाल, धनेश, कुटुर्गे, शेकरू आणि वटवाघळे यांना उंबरांवर अन्न मिळते. पाच-सहा मालकांच्या रानांत मिळून उंबरवर्गाची वीस-पंचवीस झाडे असली, तर त्या टापूतील फळखाऊ पक्ष्यांचा वर्षभराचा शिधा बऱ्यापैकी सांभाळला जातो. त्याउलट सामाजिक वनीकरणात जागोजागी लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पानांचा जाड थर वर्षानुवर्षे न कुजता पडून राहतो, त्यातून दुसरे रोप क्वचितच वर येते आणि उन्हाळ्यात तोच थर आगीला खाद्य ठरतो.

मालकी रानातील सर्वांत मौल्यवान वस्तू मात्र कोणत्याही लागवडीतून मिळत नाही, आणि ती म्हणजे जुन्या झाडाची ढोली. फांदी मोडल्याच्या जागी पाणी मुरून, बुरशी लागून, गाभा कुजत जाऊन मोठ्या पक्ष्याला पुरेल एवढी पोकळी तयार होण्यास कित्येक दशके लागतात. धनेश, ज्याला कोकणात अनेक ठिकाणी गरुड म्हणतात, स्वतः लाकूड कोरू शकत नाही. त्याला अशी तयार ढोलीच लागते. विणीच्या हंगामात मादी ढोलीत शिरून विष्ठा आणि फळांच्या गराने तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी चीर ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या चिरेतून तिला आणि पुढे पिल्लांनाही भरवतो. ढोली ठरलेली असते आणि तीच जोडी वर्षानुवर्षे तिच्याकडे परतते. असे एक झाड पडले, तर आसपास तशी दुसरी ढोली असेलच असे नाही, आणि जंगल हिरवेगार दिसत असतानाही त्यातला धनेश नाहीसा होतो. पिंगळा, पोपट, दयाळ, उडणारी खार, सातेरी मधमाशी हे सारे ढोल्यांचेच भाडेकरू आहेत. त्यांपैकी सातेरी ही आंबा-काजूच्या बागेच्या उपयोगाची असल्यामुळे तिची ढोली राखण्यात बागायतदाराचा रोकडा फायदाही आहे.

संगमेश्वर भागात धनेशाच्या ढोल्या अनेकदा बेहड्यावर आढळतात, कारण बेहडा प्रचंड वाढतो आणि त्याचे लाकूड मऊ असल्यामुळे त्याला पोकळ्याही लवकर पडतात. हेच मऊपण त्याच्या मुळावर येते. घरबांधणीला निरुपयोगी म्हणून तो खोक्यांसाठी किंवा जळणासाठी कवडीमोलाने विकला जातो. बेहड्याचे फळ त्रिफळा चूर्णातील तिसरा घटक असल्याने त्याला औषधी बाजारात मागणी आहे, आणि पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने या भागात बेहड्या-हिरड्याची फळे ‘फेअरवाइल्ड’ या प्रमाणपद्धतीनुसार गोळा करण्याचे काम उभे केले. जंगलातून गोळा केलेल्या वस्तूच्या संकलनात झाडाला इजा होऊ नये, पुनरुत्पत्तीसाठी व प्राण्यांसाठी पुरेसा भाग शिल्लक राहावा आणि गोळा करणाऱ्याला योग्य मोबदला मिळावा, अशा अटी या पद्धतीत असतात. उभ्या झाडाचे दरवर्षीचे उत्पन्न मालकाच्या हातात पडू लागले की एकदाच तोडून मिळणाऱ्या रकमेचे आकर्षण ओसरते. मालकी रानांच्या संदर्भात हा मार्ग नुसत्या प्रबोधनापेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

वठलेल्या झाडाविषयीचा धडा अधिक किंमत देऊन मिळाला. गोठ्याजवळची एक वाळलेली काटेसावर पावसाळी वाऱ्यात कोसळेल या भीतीने एप्रिलमध्ये उतरवण्यात आली आणि पहिली जाड फांदी खाली आल्यावर तिच्यातील तांबटाचे कोरलेले बीळ आणि आतली पिल्ले दिसली. तांबट आणि कुटुर्गा हे पक्षी बीळ स्वतः कोरतात, पण त्यासाठी त्यांना सावर, पांगारा, शेवगा अशा मऊ लाकडाची मेलेली फांदी लागते. आणि त्यांनी सोडून दिलेली बिळे पुढे दयाळासारख्या पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. त्या घटनेनंतर असा नियम ठरवण्यात आला की घरावर किंवा वाटेवर पडण्याचा खरा धोका असेल तरच वठलेल्या झाडाला हात लावायचा, तोही पक्ष्यांची वीण संपल्यावर, आणि फांद्या उतरवून दोन पुरुष उंचीचे खोड उभेच ठेवायचे. रानात आपोआप पडलेले ओंडकेही जागच्या जागी कुजू दिले. ओंडक्याखाली ओल टिकते, तेथे बेडूक, सापसुरळ्या, गोगलगायी आणि देवगांडूळ राहतात. आणि वाळवीची वारुळे न फोडता राखली, तर पहिल्या पावसानंतर त्यांच्याच आतल्या बुरशीबागेतून उगवणारी अळंबी घरच्या ताटात येतात. वारूळ फोडले की अळंबीची जागा गेली, हे गावातील वृद्ध स्त्रियांना कोणत्याही ग्रंथाशिवाय माहीत असते.

हा विचार नवा नाही, याचे प्रत्यंतर देवराईत मिळते. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान, जेथून वाळलेली काटकीही नेऊ नये असा दंडक असे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे या रानांचे शास्त्रीय मोल जगापुढे आले. अगदी अलीकडे दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील देवराईच्या पाणथळीत रानजायफळाच्या कुळातील वृक्षांचे दुर्मीळ दलदली जंगल आढळले, तेही याच दंडकामुळे टिकलेले. घरच्या रानात देवराईचा धाक नसतो; पण तिची रीत, म्हणजे मेलेले लाकूड हलवायचे नाही ही साधी रीत, तेथेही लागू करता येते.

आगीचा प्रश्न याहून बिकट आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कोकणच्या डोंगरांवर वणवे दिसतात आणि त्यांतील जवळजवळ सर्व माणसांनी लावलेले असतात: नवे गवत चांगले येते या समजुतीने, काजूच्या बागेतील झाडोरा स्वस्तात काढण्यासाठी, शिकारीसाठी किंवा निव्वळ विडीच्या थोटकाने. ऐनाची जाड, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल त्याला वाचवते, म्हणून मालकाला वाटते की रानाचे काही बिघडले नाही. परंतु गुडघ्याएवढी सर्व रोपे, पाचोळा, त्यातील किडे आणि जमिनीवरची घरटी जळालेली असतात. झाडांची पुढची पिढी गेली की ऊन खाली येते, उन्हाबरोबर गवत वाढते आणि गवताबरोबर पुढच्या वर्षीची आग मोठी होते. त्यावर उपाय एकच सापडला, तो म्हणजे जाळपट्टा: रानाच्या हद्दीवर डिसेंबर-जानेवारीत, गवत अर्धे ओले असतानाच, दहा-बारा हात रुंदीची पट्टी कापून, सकाळच्या दवात, वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना सोबत घेऊन ती जाळून घेणे. शेजारी सोबत असणे येथे सर्वांत महत्त्वाचे, कारण आग सातबारा पाहत नाही. ज्या वर्षी शेजारच्या दोन घरांनी हे काम वाटून घेतले, त्या वर्षापासून आग आत आली नाही. त्यापूर्वीच्या एका वर्षी पट्टा एकाकी केला होता आणि तो ओलांडून आलेल्या आगीने चार वर्षांची वाढ एका दुपारी नेली.

परदेशातून येऊन बोकाळलेल्या झुडपांपैकी रानमोडी आणि घाणेरी या दोघी येथे मुख्य आहेत. रानमोडी गुरे खात नाहीत, ती दाट माजून स्थानिक रोपांचे ऊन अडवते आणि वाळल्यावर भडकते; म्हणून एका वर्षी संपूर्ण उतारावरून ती एकदमच उपटली गेली. जूनच्या पहिल्या सरींत त्या उघड्या उताराची माती लाल पाण्याबरोबर वहाळात गेली आणि मोकळ्या जागेत पुन्हा रानमोडीच उगवली. त्यानंतर कामाची पद्धत बदलण्यात आली: एका वर्षी एकच पट्टा, तोही जेथे खाली स्थानिक रोपे तयार आहेत तेथे, फुले येण्यापूर्वी, आणि उपटलेली झुडपे समतल रेषेत आडवी रचून. घाणेरीच्या बाबतीत आणखी सबुरी लागते, कारण तिच्या फळांवर बुलबुल आणि फुलांवर फुलपाखरे जगत असतात. करवंद, तोरण, कुडा यांनी तिची जागा घेईपर्यंत ती थोडी थोडीच काढावी. खरे तर वर सावली दाट झाली की दोन्ही झुडपे आपोआप क्षीण होतात, म्हणजे येथेही राखण्याचेच काम अधिक परिणामकारक ठरते.

परड्यात हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसते. जुन्या घरांना दगडांची कोरडी भिंत, म्हणजे गडगा, किंवा काटेरी फांद्यांची वई असे. गडग्याच्या फटींत सरडे, पाली, विंचू, बेडूक आणि उंदरांवर जगणारी धामण यांना आसरा मिळे, आणि वईवर शिकेकाई, गुळवेल, तोंडली चढत. आता त्या जागी सिमेंटचे कंपाउंड येते, ज्याच्या खालून कासवही जाऊ शकत नाही. नवे कुंपण करणे अपरिहार्य असेल तर अडुळसा, निगडी, करवंद यांची जिवंत वई किंवा निदान चिऱ्यांच्या भिंतीत जमिनीलगत हातभर मोकळ्या जागा ठेवल्या, तरी पुष्कळ साधते. लिंबू आणि कढीपत्ता यांची पाने खाणाऱ्या अळ्या मारल्या नाहीत तर नीलवंत आणि त्याच्या कुळातील फुलपाखरे अंगणात येतात. नीलवंत २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे, पण त्याची अळी ओळखणारी घरे थोडी आहेत. शिंपी, सूर्यपक्षी आणि चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात, म्हणून ज्या अंगणात पानाला एकही भोक नाही त्या अंगणात घरट्याला अन्न नाही. आंब्यावरचे बांडगूळ फळांच्या उत्पन्नासाठी काढावे लागते हे खरे. तथापि त्याच्या पानांवर हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू अंडी घालते आणि त्याच्या फळांवर चिमुकला फुलटोच्या जगतो, म्हणून रानाकडेच्या एखाद्या निरुपयोगी झाडावर ते राहू द्यावे. रतांब्याची नर व मादी झाडे वेगळी असतात. नराला फळ धरत नाही म्हणून तो सर्रास तोडला जातो आणि पुढे माद्यांची फळधारणा का घटली याचे कोडे पडते. गोव्यातील कुळागरांत पोफळी, माड, केळी, मिरवेल आणि फणस असे मजल्यावर मजले एकाच पाटाच्या पाण्यावर उभे असतात. कोकणी आगरांनीही तो दाटपणा जपला, तर सावलीतले पक्षी घरापर्यंत येतात.

अंगणातील दिव्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. मेअखेरीस, पावसाच्या तोंडाशी, ऐन-हिरड्यावर काजवे लुकलुकतात ते परस्परांना शोधण्यासाठी. त्यांच्या अळ्यांचा बराच काळ ओल्या मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खाऊन गेलेला असतो. रात्रभर जळणारा पांढरा प्रखर दिवा त्यांच्या प्रकाशखुणा पुसून टाकतो. घरामागचा दिवा बंद ठेवून पुढचा मंद, पिवळा आणि खाली तोंड केलेला लावल्यावर काही वर्षांनी काजवे गोठ्यापर्यंत आले. यात पाचोळा राखल्याचा वाटा किती आणि दिव्याचा किती, हे सांगता येत नाही.

सड्यावर मात्र झाड लावण्याचा मोह पूर्णपणे आवरावा लागतो. उघडा कातळ हा पडीक नसून पावसाळ्यात तेथे तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांसारख्या, पेरभर मातीवर जगणाऱ्या वनस्पतींचे राज्य असते, डबक्यांत बेडूक वाढतात आणि उघड्यावर टिटवी व चंडोल अंडी घालतात. कातळ फोडून, बाहेरची माती भरून कलमे लावली की हे सारे एका हंगामात संपते, आणि सड्यावर मुरणारे पाणी ज्या झऱ्यांना मिळत असे ते झरेही आटू लागतात. आपल्या वाट्याचा सडा मुळीच न सुधारणे, ही त्याची सर्वांत चांगली सुधारणा आहे.

या मार्गातील अडचणी लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रान वाढले की रानडुक्कर आणि वानरे-माकडेही वाढलेली दिसतात, भाताचे आणि परड्यातील केळी-फणसांचे नुकसान होते, आणि त्याची भरपाई एका कुटुंबाच्या सद्‌भावनेतून होऊ शकत नाही. खाचर आणि दाट झाडी यांच्यामध्ये मोकळ्या गवताचा पट्टा ठेवल्याने डुकरांचा त्रास काहीसा कमी झाला. माकडांवर असा कोणताही उपाय सापडलेला नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले असून तो आजार गोचिडांमुळे पसरतो. म्हणून पाचोळा रानात राखायचा तो घराच्या पायरीपर्यंत राखायचा नाही, आणि काजूच्या दिवसांत रानात जाणाऱ्याने अंग झाकून जावे, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी, ही काळजी घेतलीच पाहिजे. तिसरी अडचण कायद्याच्या कागदांतली आहे. सातबाऱ्यावर एकेका गटात पंधरा-वीस सामाईक नावे असतात, त्यांतील बरेच जण मुंबई-पुण्यात असतात, आणि रान राखायला सर्वांची संमती मिळवताना जेवढी वर्षे जातात तेवढी ते तोडायला लागत नाहीत. झाडतोडीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ सालचा आहे आणि खासगी वनांच्या संपादनाचा कायदा १९७५ सालचा. या दुसऱ्या कायद्याच्या धास्तीने, जमिनीवर ‘वन’ असा शेरा पडू नये म्हणून झाडे वाढूच न देण्याची वृत्ती अनेक मालकांत बळावली. रान राखणाऱ्याला भीतीऐवजी काही लाभ मिळेल अशी तरतूद सरकारने करायला हवी, आणि ती जितकी लांबेल तितकी कुऱ्हाड सोपी राहील.

ठेकेदार रान विकत घेतो तेव्हा ढोलीच्या झाडाची वेगळी किंमत मोजत नाही. बहुधा पोकळ म्हणून ते फुकटातच धरतो. म्हणजे सौद्यातून वगळायचे म्हटले तर मालकाचे सर्वांत कमी नुकसान करणारे झाड तेच असते. मे महिन्यात गावी जाणाऱ्या प्रत्येक जमीनमालकाने एक सकाळ काढून, गावातील जाणत्या गुराख्याला सोबत घेऊन आपल्या रानातून फिरावे, ढोलीचे प्रत्येक झाड, प्रत्येक उंबर आणि प्रत्येक म्हातारा बेहडा यांच्या बुंध्याला चुन्याची खूण करावी, आणि पुढे कधी कुणाही वाटेकऱ्याने रान द्यायचे ठरवले तर खुणेची झाडे सोडून, असे सर्व भावकीच्या सहीने आजच लिहून ठेवावे.